हंडीचा वास नागपूरला कसा गेला

केवळराम ढिवराने वयाच्या बत्तिसाव्या वर्षी पाटी हातात घेतली ती एका हंडीपायी. त्या हंडीत मासोळी शिजली होती, आणि ती शिजवणारी त्याची बायको होती.

ऐनटोला हे आमचं गाव आरमोरीच्या पूर्वेला, जिथून जंगल दाट होत जातं तिथं आहे. ढिवरांची चौदा घरं. उन्हाळ्यात आम्ही बोडीत, म्हणजे गावच्या लहान तळ्यात, जाळं टाकतो, पावसाळ्यात दुसऱ्याच्या बांधीत धानाचा रोवणा करतो, आणि पोळा सरला की पुरुष माणसं घर सोडून ऐनाच्या झाडांखाली राहायला जातात. ऐनाच्या पाल्यावर कोशाचा, म्हणजे रानरेशमाचा, किडा वाढतो. त्याला कावळा खातो, मुंगी खाते, माकड झाड हलवून खाली पाडतं. म्हणून दिवसभर गुलेल घेऊन फिरायचं, एका झाडाचा पाला संपला की डहाळी कापून किडा दुसऱ्या झाडावर न्यायचा, आणि दिवाळी उलटली की फांद्यांना लोंबणारे राखी रंगाचे कोसे तोडून घरी आणायचे. कोष्टी ते विकत घेतात, त्यांच्या बायका मांडीवर धागा वळतात, आणि त्या धाग्याचं कापड कुठल्या कुठे जातं.

या कामाला नेम असतो. किडा झाडावर आहे तोवर पुरुषानं दाढी करायची नाही, बायकोची सावली घ्यायची नाही, मासोळी खायची नाही. घरी राहिलेल्या बाईनंही केसांना तेल लावायचं नाही, हळदीला हात लावायचा नाही, चुलीवर मासोळीची हंडी चढवायची नाही. ज्याचं पोट मासोळीवर चालतं त्यानं दोन महिने मासोळी सोडायची हे सोपं नसतं. पण किडा नाजूक आहे आणि देवी कडक आहे, असं आमचे म्हातारे सांगत आले, आणि आम्ही ऐकत आलो.

केवळराम कोशाच्या कामाचा म्होरक्या होता. चौदा घरांतला सगळा किडा त्याच्या नजरेखाली वाढायचा. कोणता किडा उद्या आजारी पडणार हे तो आज सांगायचा. त्याचा हात इतका हलका होता की किडा डहाळी बदलली तरी खाणं थांबवत नसे. बोलायला मात्र जड. एक वाक्य बोलायला दुसरा माणूस जेवढ्यात विडी संपवील तेवढा वेळ घ्यायचा. त्याची बायको गोकुळा वैनगंगेच्या काठची, डोंगाघाटची. नदीत डोंगा उलटला तर हसत हसत सरळ करणारी. तो गप्प आणि ती बोलकी, म्हणून घर दोघांना पुरत होतं. मूलबाळ झालं नव्हतं, पण त्यावरून त्या घरात कधी भांडण ऐकू आलं नाही.

नेम सुटायचा त्या दिवशी केवळराम जंगलातून दाढीचं रान घेऊन यायचा. गोकुळा पाणी तापवून ठेवायची, डोक्याला तेल द्यायची, आणि मग वर्षातली सगळ्यात चांगली हंडी करायची. ती थाळीत वाढताना म्हणायची, "जेवा. नेम सुटला." एवढंच. त्या तीन शब्दांसाठी आपण दोन महिने जंगलात काढतो, असं केवळराम एकदा मला म्हणाला होता, आणि असलं बोलल्याची त्याला नंतर लाज वाटली होती.

सन एकावन्नचं पीक आमच्या आठवणीतलं सगळ्यात मोठं. त्याच्या आदल्या वर्षी भाव असा चढला होता की इतवारी कोष्टी, जो कधी आपल्या ओट्यावरून उठत नसे, तो बैलगाडी घेऊन जंगलाच्या तोंडाशी येऊन बसला होता. त्या वर्षी गावात दोन लग्नं झाली, चार घरांवर कवेलू चढले. एकावन्नला कोसा त्याहून जास्त आला. फांद्या वाकल्या होत्या. लोकांनी घरोघरी पोती भरली आणि भाव आणखी चढेल म्हणून माघ निघेपर्यंत घरात ठेवली.

फाल्गुनाच्या बाजारात इतवारीनं केवळरामच्या पोत्याची गाठसुद्धा सोडली नाही. त्यानं दुसऱ्या कुणाचीही सोडली नाही. तो म्हणाला, घरात मागचाच पडला आहे, वरून मागणी नाही. पुढच्या बाजारी त्यानं जो भाव सांगितला तो ऐकून आमची माणसं हसली, कारण त्यांना ती मस्करी वाटली.

मग कारण शोधणं सुरू झालं.

किडा निरोगी होता, कोसा जाड होता, मेहनतीत कसूर नव्हती. मग खोट कुठे? तेव्हा कुणाला तरी ती हंडी आठवली. आश्विनात, ऐन नेमात, गोकुळेचा बाप पोचू तापानं फणफणलेला लेकीकडे आला होता. आठ दिवस त्याच्या तोंडात कण गेला नव्हता. त्यानं मासोळीचा रस मागितला. गोकुळेनं घरामागे तीन दगड मांडून, कोऱ्या हंडीत तो केला, बापाला पाजला, आणि हंडी तिथंच पुरून टाकली. तिनं लपवलं नव्हतं. विहिरीवर बायकांना स्वतः सांगितलं होतं, आणि तेव्हा कुणी काही बोललं नव्हतं, कारण झाडावरचा किडा मजेत पाला खात होता.

आमचा म्हातारा पंच मनसाराम. माणूस वाईट नव्हता, पण जे समजत नाही ते त्याला रिकामं ठेवता येत नसे. तो म्हणाला, देवीनं किडा मारला नाही कारण किड्याचा गुन्हा नव्हता. तिनं कोसा दिला आणि भाव नेला. चौदा घरांना हे पटलं. भाव ही वस्तू कुणी पाहिलेली नव्हती, आणि देवीही पाहिलेली नव्हती. एकीनं दुसरीला नेलं यात कुणाला अवघड वाटलं नाही. ठरलं असं की पुढचं पीक चांगल्या भावानं जाईपर्यंत गोकुळेनं बापाकडे राहावं.

केवळराम नाही म्हणू शकला असता. म्होरक्या होता, त्याचा शब्द पडला नसता. पण त्यानं मान खाली घातली, कारण त्यालाही ते खरंच वाटलं होतं. हे त्यानं पुढे कधी लपवलं नाही.

तो तिला पोचवायला नदीपर्यंत गेला. तिच्या डोक्यावर बोचकं, त्याच्या हातात तिचं जुनं जाळं. सगळी वाट ती बोलली नाही. घाटावर डोंगा लागला तेव्हा ती वळली.

"माह्या हंडीचा वास नागपूरले कसा गेला, तेवढं सांगा."

त्यानं जाळं डोंग्यात ठेवलं.

"आज नाई सांगता येत त नोको. सांगता येईन तवा न्यायले या."

त्यानं हे वाक्य गाठीसारखं बांधून घेतलं. गोकुळा रागात बोलली, का सहज बोलली, का रडू आवरायला काहीतरी बोलायचं म्हणून बोलली, याचा त्यानं विचार केला नाही. तिनं प्रश्न घातला आहे आणि उत्तर घेऊनच जायचं आहे, एवढंच त्याला कळलं. कोशाच्या कामात असंच असतं. अर्धा वाढलेला किडा कुणी घरी आणत नाही.

आधी तो इतवारीकडे गेला. भाव काऊन पडला? इतवारी म्हणाला, वरून पडला. वर कुठी? नागपूरवरून. नागपूरवर काऊन? इतवारीनं हात झटकले आणि म्हणाला, तू काय कोसा विकून राह्यला का शाळा शिकून राह्यला? केवळरामला ते टोमण्यासारखं लागलं नाही. तो सरळ शाळेत गेला.

जनपद सभेची शाळा आमच्या गावापासून दोन कोसांवर. तिथं गुणवंतराव नावाचे मास्तर एकटेच राहत. नागपूरला कॉलेज अर्धं टाकून आलेले, छातीनं अधू, पण पुस्तकांची पेटी सोबत आणलेली. केवळरामनं त्यांना आपला प्रश्न विचारला. ते म्हणाले, याला अर्थशास्त्र म्हणतात, केवळराम. मला परीक्षेला होतं. पण असा प्रश्न मला परीक्षेत कुणी विचारला नव्हता.

त्या दिवसापासून केवळराम दर बुधवारी जायचा. आधी अक्षरं शिकला. तीन महिन्यांत त्याला छापील ओळ वाचता येऊ लागली, बोट ठेवून, ओठ हलवत. मास्तरांकडे वर्तमानपत्र दोन दिवस शिळं यायचं. ते त्याला जुन्या गठ्ठ्यातून एकावन्न सालचे अंक काढून द्यायचे. त्यातून पहिली गोष्ट कळली ती ही, की समुद्रापलीकडे कोरिया नावाच्या मुलखात लढाई लागली होती. लढाई लांबली तर माल मिळणार नाही या भीतीनं जगभरच्या व्यापाऱ्यांनी दिसेल ते भरून ठेवलं: कापूस, तेल, लाख, कातडं, कोसा. मग तह होणार अशी बातमी आली, आणि सगळ्यांना एकाच दिवशी कळलं की आपल्या गोदामात गरजेपेक्षा जास्त आहे.

केवळरामनं विचारलं, त्या मुलखातले लोक कोसा नेसतात का? मास्तर म्हणाले, बहुधा नाही. केवळराम त्या रात्री जेवला नाही. आपण ज्यांना ओळखत नाही, जे आपल्याला ओळखत नाहीत, त्यांच्या भांडणानं आपल्या फांद्यांची किंमत ठरते, हे पचायला त्याला दिवस लागले.

दुसरी गोष्ट तो स्वतः नागपूरला जाऊन शिकला. इतवारी नागपूरच्या व्यापाऱ्याला दिलेला माल परत मागायला निघाला होता, त्याच्यासोबत छोट्या रेल्वेनं गेला. ज्या पेढीकडून इतवारीच्या व्यापाऱ्याला पैसा मिळायचा ती पेढी बंद होती. दाराला कुलूप, आणि पायरीवर तिचा म्हातारा मुनीम बसलेला. नोकरी जाऊन सहा महिने झाले होते, पण घरी बसवत नाही म्हणून रोज येऊन बसायचा. केवळरामनं त्याला आपला प्रश्न विचारला. मुनीम हसला नाही. तो म्हणाला, "भाव चढत होता म्हणून आम्ही पैसा दिला, अन् आम्ही पैसा दिला म्हणून भाव चढत होता. कोणी तरी थांबलं, अन् मग उभं राहायला खाली काही नव्हतंच."

हे वाक्य केवळरामनं पाटीवर लिहून ठेवलं. मास्तरांनी ते वाचलं आणि म्हणाले, माझ्या पुस्तकात याला चाळीस पानं लागली आहेत.

तिसरी गोष्ट मात्र त्याला कुणी शिकवली नाही, ती त्यानं स्वतः पाहिली. कोशाचा भाव पडल्यावर आरमोरीच्या बाजारात मासोळीही विकेनाशी झाली. मासोळीनं काय केलं होतं? ती पहिल्याइतकीच ताजी होती. माणसंही तेवढीच, भूकही तेवढीच. तरी टोपली भरलेली परत यायची. केवळराम बाजाराच्या कडेला बसून पाहत राहिला. कोष्ट्याचा माग बंद, म्हणून कोष्टीण मासोळी घेत नाही. मासोळी विकली नाही म्हणून ढिवरीण तेल घेत नाही. तेल्याचा घाणा थांबला म्हणून तेली जोडे शिवून घेत नाही. कुणीच काही चुकवलेलं नाही, सगळे काटकसर करताहेत, आणि त्या शहाणपणानंच बाजार मरतो आहे. त्यानं हे मास्तरांना सांगितलं तेव्हा मास्तर उठून उभे राहिले आणि त्याला आपल्या खुर्चीत बसायला सांगू लागले. तो बसला नाही.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी, भाव सावरून पंचांची अट सरली तेव्हा, गुणवंतरावांनी त्याला स्पष्ट सांगितलं. "केवळराम, तुझं उत्तर झालं. जा, आण तिला."

केवळराम म्हणाला, "अजून बुडाशी नाई लागलो, गुर्जी."

ढिवराला तळ सापडल्याशिवाय पाणी कळलं असं वाटत नाही. त्याला अजून एक कोडं उरलं होतं. ज्या पेढीला कुलूप लागलं तिचा मालक अजून त्याच माडीत राहत होता, आणि इतवारीचा माग विकला गेला होता, आणि आपल्या घरात बायको नव्हती. पडणं एकच, मग लागणं वेगळं काऊन? हे कळायला त्याला आणखी एक वर्ष लागलं. ते त्याला कळलं आमच्याच बोडीच्या काठावर. वैशाखात पाणी आटत होतं. उथळातली मासोळी चिखलात तडफडत होती, आणि मधल्या डोहात मोठा मासा शांत फिरत होता. दुसऱ्या बाजूला गावोगाव लोकांनी जो कोसा मातीमोल विकला होता, तोच ज्याला वर्षभर ठेवून देता आला त्यानं दुपटीनं विकला. केवळराम मास्तरांना म्हणाला, श्रीमंती म्हणजे धन नाही गुर्जी, श्रीमंती म्हणजे थांबता येणं. गरिबाला थांबता येत नाही, म्हणून तो पडल्या भावात विकतो, अन् थांबणारा घेतो.

मास्तर त्यावर काही बोलले नाहीत. खोकत राहिले. ते काय बोलणार होते ते मला माहीत नाही, पण पुढे त्यांनी मला एवढंच सांगितलं की तेव्हा बोलायला हवं होतं.

पंचावन्न साली भाव पुन्हा पडला. या वेळी धानही पडलं, सगळंच पडलं. चौदा घरं पुन्हा जमली, आणि पुन्हा कुणाला काही तरी आठवलं. धुरपता नावाची पोरगी नुकती लग्न होऊन आली होती. नेमात तिचा अंगठा विळ्यानं कापला आणि तिनं जखमेत हळद दाबली. धुरपता खांबाआड उभी होती. तिनं बोचकं बांधायला घेतलं होतं, कुणी सांगायच्या आधीच.

केवळराम उठला. तो बोलायला उठला हेच पाहून लोक गप्प झाले.

त्यानं मुनिमाची गोष्ट सांगितली, बाजारातली मासोळीची टोपली सांगितली, लढाई सांगितली. सावकाश, एकेक शब्द ठेवत, जसा किडा डहाळीवर ठेवतात तसा. शेवटी मनसारामकडे वळून म्हणाला, "मनसारामभाऊ, बोडी आटते तवा उथळातली मासोळी पहिले मरते. तिनं काय पाप केलं रायते?"

मनसाराम बराच वेळ काठीनं जमीन उकरत बसला. म्हातारा झाला होता, डोळे गेले होते. मग म्हणाला, "मंग गोकुळेनं बी नोतं केलं म्हणतं."

"नाई केलं."

"हे तुले कवापासून मालूम हाय गा?"

केवळराम खाली बसला. धुरपताचं बोचकं तिच्या सासूनं सोडलं. लोक उठून गेले. मनसाराम एकटा बसून राहिला आणि जाताना केवळरामला म्हणाला, आता बसून काऊन राह्यला, जाय ना.

दुसऱ्या दिवशी केवळरामनं दाढी केली. तीन वर्षं त्यानं मासोळी तोंडात घातली नव्हती. गोकुळा गेली तेव्हापासून त्याचा नेम सुटलाच नव्हता. तो धुतलेलं धोतर नेसला, मुनिमाच्या वाक्याची पाटी पिशवीत घातली, आणि नदी उतरला.

डोंगाघाटला पोचूच्या झोपडीच्या जागी रिकामी जागा होती. पोचू वर्षापूर्वी गेला होता. एका बाईनं घाटाखालच्या घराकडे बोट केलं. गोकुळा दारात बसून मासोळीचे खवले काढत होती. तिचे दिवस भरत आले होते. मागच्या उन्हाळ्यात तिनं मुखरू नावाच्या नावाड्याशी पाट लावून दुसरा संसार मांडला होता. हे ऐनटोल्याला कळवायला कुणी आलं नव्हतं, कारण ऐनटोल्याहून कुणी विचारायला आलं नव्हतं.

तिनं त्याला पाहिलं, विळी बाजूला केली आणि पाणी दिलं. मुखरूही आला. भला माणूस. केवळरामला ओळखलं आणि डोंग्याला डांबर लावायचं निमित्त करून घाटावर निघून गेला.

केवळरामनं उत्तर सांगितलं. दुसरं काय करणार? पाटी काढून वाचून दाखवली. कोरिया सांगितला, पेढी सांगितली, बोडी सांगितली. गोकुळा खवले काढत ऐकत होती. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाली, "मी मासोळी रांधली होती, भाव नोता रांधला. हे त मले तवाच मालूम होतं."

"मले नोतं."

"हो. तुमाले नोतं."

नदीवरून वारा येत होता. ती पुढे बोलली ती त्याच्याकडे न पाहता.

"दोन वर्सं थांबली. काई न सांगता आले असते तरी आली असती. मंग बाप गेला. थांबाले पाठीशी काई तरी लागते ना? मले नाई थांबता आलं."

केवळरामनं पाटी पिशवीत घातली. गरिबाला थांबता येत नाही, हे जे वाक्य त्यानं मास्तरांच्या ओसरीत मोठ्या अभिमानानं सांगितलं होतं, ते इथं त्याच्यासमोर विळीवर बसलेलं होतं, आणि त्याला ते आजवर नुसतं कोशापुरतं खरं वाटलं होतं. हे त्यानं मला सांगितलं तेव्हा त्याचे केस पिकले होते. तोवर बाजारात लोक त्याला भाव विचारायला येत, भाव पडला की आपल्या घरात खोट शोधू नका असं तो सांगत असे, आणि आमच्या चौदा घरांतून पुन्हा कुणी बाई हंडीपायी किंवा हळदीपायी बाहेर गेली नाही. पण हे सांगताना तो त्या सगळ्याबद्दल काही बोलला नाही. फक्त त्या दुपारबद्दल बोलला.

तो उठायला लागला तेव्हा गोकुळा म्हणाली, बसा. चुलीवर हंडी होती. तिनं थाळीत भात घेतला, त्यावर रस ओतला, दोन तुकडे ठेवले आणि थाळी त्याच्यापुढे सरकवली. मग थोडी थांबली, जणू म्हणावं का नाही याचा विचार करत.

"जेवा," ती म्हणाली. "नेम सुटला."

तो जेवला. काटे बाजूला काढत, सावकाश, थाळीत काही न ठेवता. मग थाळी घेऊन घाटावर गेला, रेतीनं घासली, नदीत धुतली. आपल्या घरी त्यानं कधी थाळी घासली नव्हती. घरधनी घासत नाही, परका घासतो. ती धुतलेली थाळी त्यानं तिच्या उंबऱ्याशी पालथी ठेवली आणि मुखरूनं डोंगा काढला.